शास्त्रावरील शंका आणि प्राथमिक शिक्षक

(निलंगा येथे तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत दिलेले भाषण)



आजच्या परिषदेत भाषा व गणित ह्यांच्या अध्यापनावर पुष्कळ चर्चा झाली. मला जो विषय देण्यात आला आहे तो कोणत्याही एका पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. परंतु शाळेच्या ओट्यावर तो आपणां सर्वांना भेटतो. शाळेत लस टोचण्याचा दिवस जवळ आला, की एखादा पालक येतो आणि म्हणतो, "गुरुजी, मोबाइलवर एक जण दोन तास बोलत होता. तोही डॉक्टरच होता. तो म्हणतो, ही लस म्हणजे कंपन्यांचा धंदा आहे. आमच्या पोराला टोचू नका." हा पालक अडाणी असतोच असे नाही. पुष्कळदा तो गावातील जाणता, वाचणारा, प्रश्न करणारा मनुष्य असतो, आणि आपल्याच शाळेने त्याला प्रश्न करावयास शिकविलेले असते. त्यास काय उत्तर द्यावे, हा आजचा विषय होय.

ज्या कार्यक्रमांना पॉडकास्ट म्हणतात, त्यांचे स्वरूप प्रथम समजून घेतले पाहिजे. पूर्वी आकाशवाणीवर भाषण होई ते दहा-पंधरा मिनिटांचे, आधी लिहून तपासलेले. पॉडकास्टला अशी मर्यादा नाही. दोन माणसे समोरासमोर बसतात, चहा पितात आणि दोन-दोन, तीन-तीन तास गप्पा मारतात. ऐकणारा शेतात पाणी देत असतो, ट्रॅक्टर चालवीत असतो किंवा एस. टी.त बसलेला असतो. कानाशी इतका वेळ बोलणारा मनुष्य हळूहळू घरचा वाटू लागतो. त्यात सर्वच वाईट असते असे कोणी समजू नये. शेतीविषयी, इतिहासाविषयी मराठीत उत्तम पॉडकास्ट होतात व त्यांचा मुलांनाही उपयोग करून देता येतो. परंतु त्यांतील काहींनी स्वतःस 'स्वतंत्र' म्हणवून एक निराळाच व्यवसाय मांडला आहे. जे जे शास्त्रज्ञांना व डॉक्टरांना सर्वसाधारणपणे मान्य, ते ते खोटे किंवा विकत घेतलेले, असे सुचवावयाचे, आणि कोणी जाब विचारला तर म्हणावयाचे, "आम्ही काही सांगत नाही, आम्ही केवळ प्रश्न विचारतो." अमेरिकेत जो रोगन ह्यांचा असा कार्यक्रम जगभर ऐकला जातो. करोनाच्या लसीविषयी त्यात जे बोलले गेले त्याच्या निषेधार्थ नील यंग ह्या गायकाने जानेवारी २०२२ मध्ये स्पॉटिफाय ह्या सेवेवरून आपली गाणी काढून घेतली. कार्यक्रम चालूच राहिला, आणि २०२४ मध्ये गाणीही परत आली. बहिष्काराने ह्या प्रश्नाचा उलगडा होत नाही, एवढेच त्यावरून ध्यानात घ्यावे.

आता, अशा पालकाला उत्तर देताना आपण एक घाई करतो. आपण म्हणतो, "शास्त्र कधी चुकत नाही." बंधूंनो, हे वाक्य निदान निलंगा तालुक्यातील शिक्षकाने तरी उच्चारू नये. शास्त्र चुकते, ह्याची साक्ष आपल्या पायांखाली आहे.

दख्खनचे पठार म्हणजे काळ्या पाषाणाची अचल भूमी, येथे मोठा भूकंप संभवत नाही, असे भूगर्भशास्त्रात दीर्घकाळ मानले जात होते. देशाच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात आपला हा भाग पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात दाखविलेला होता. १९९२ मध्ये किल्लारीच्या परिसरात लहान-मोठे हादरे बसू लागले. ऑक्टोबरात त्यांतील एक चांगला जाणवण्याइतका मोठा होता. लोक घाबरले, काही काळ घराबाहेर राहिले, मग परत आत गेले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपतीचे विसर्जन करून गाव झोपी गेले असता, चार वाजण्याच्या सुमारास धरणी हादरली. माती-दगडांच्या जाड भिंती निजलेल्या माणसांवर कोसळल्या. सुमारे आठ हजार माणसे गेली. त्यांतील कित्येकांची नातवंडे, पतवंडे आज आपल्या वर्गात बसलेली आहेत.

शास्त्रज्ञांचे सर्वमान्य मत येथे चुकीचे ठरले, ह्यात शंका नाही. परंतु ते चुकीचे आहे हे कोणी आणि कसे दाखविले, हे मुलांना सांगताना आपण गाळतो, आणि सारा धडा तर तेथेच आहे. भूकंपानंतर देशातील व परदेशांतील संशोधक येथे आले. त्यांनी भूकंपमापक यंत्रे बसविली, पुढचे लहान हादरे महिनोन्महिने मोजले, भेगा पडलेल्या शेतांत चर खणून थरांची रचना पाहिली. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने किल्लारीजवळ ६१७ मीटर खोलीचे छिद्र घेतले. वरचा काळा पाषाण सुमारे ३३८ मीटरांवर संपला व त्याखाली पुरातन खडक लागला. माकणीच्या निम्न तेरणा जलाशयाचा ह्या भूकंपाशी काही संबंध असावा काय, ह्यावर त्यांच्यात मतभेद झाले, आणि ते त्यांनी लपविले नाहीत. आपापल्या मोजमापांसह छापले. अखेर २००२ मध्ये राष्ट्रीय नकाशा बदलला. पहिला विभाग समूळ रद्द झाला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात गेला. भूमी अचल आहे हे मत ज्या शास्त्राचे होते, त्याच शास्त्राने ते मोडले.

पॉडकास्टवरील वक्त्याचा युक्तिवाद आता ह्याच्या शेजारी ठेवून पाहा. तो म्हणतो, "पूर्वी तज्ज्ञ चुकले होते, म्हणून आज मी म्हणतो ते खरे." आपण गणिताचे शिक्षक आहोत. शेजारच्या मुलाचे उत्तर चुकले, एवढ्यावरून आपले उत्तर बरोबर येत नाही, हे आपण पहिलीच्या मुलासही समजावतो. तज्ज्ञ चुकले असतील, तर बरोबर काय आहे हे निराळे सिद्ध करावे लागते, आणि त्यासाठी कोणाला तरी ६१७ मीटर खोल जावे लागते. त्या वक्त्यास विचारावयाचा प्रश्न एकच: "महाराज, काय दिसले असता आपण आपले मत सोडाल?" ज्यास ह्याचे उत्तर देता येते त्याची शंका ही शास्त्राचीच शंका होय, मग ती कितीही प्रतिकूल असो. ज्याच्याजवळ ह्याचे उत्तर नाही, आणि प्रत्येक विरुद्ध पुरावा ज्यास कटाचाच आणखी एक भाग वाटतो, त्यास शंका मुळीच नाही. त्याचे मत आधीच ठरलेले आहे.

वैद्यकाचेही असेच आहे. करोनाच्या काळात बरे झालेल्या रोग्याच्या रक्तातील द्रव, ज्यास प्लाझ्मा म्हणतात, तो नव्या रोग्यास देण्याची मोठी धावपळ चालली होती. नातेवाईक दात्यासाठी गावोगाव फिरत होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशातील ३९ रुग्णालयांत ४६४ रोग्यांवर ह्या उपचाराची रीतसर परीक्षा घेतली आणि त्याने मृत्यू किंवा रोगाची तीव्रता कमी होत नाही, असे २०२० मध्ये प्रसिद्ध केले. मे २०२१ मध्ये हा उपचार अधिकृत मार्गदर्शनातून वगळण्यात आला. कोव्हिशील्ड ज्या जातीची लस आहे, तिच्यामुळे फार क्वचित रक्ताच्या गुठळ्या होतात, हेही २०२१ मध्ये युरोपातील डॉक्टरांनीच प्रथम शोधून जगापुढे मांडले. पालकाने ही गोष्ट काढली तर ती नाकारू नये. "होय, तसे क्वचित घडते, आणि ते डॉक्टरांनीच मोजून सांगितले," असे स्वच्छ सांगावे. एक खरी गोष्ट आपण लपविली, तर आपण सांगितलेल्या दहा खऱ्या गोष्टी वाया जातात.

लसीमुळे अपाय झाला असा आरोप येतो, तेव्हा चौकशी कशी व्हावी, ह्याचे एक जुने उदाहरण मुंबईशी निगडित आहे. वाल्देमार हाफकिन ह्यांनी प्लेगवर लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत ती प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. पुढे १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल ह्या गावी एकाच बाटलीतून लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने मरण पावली. सरकारी चौकशीने दोष हाफकिन ह्यांच्या प्रयोगशाळेवर ठेवला व त्यांना कामावरून दूर केले. येथे पाहा, सरकारी मत एका बाजूस होते आणि शंका घेणारे दुसऱ्या बाजूस. हिवतापाच्या संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळविणारे रोनाल्ड रॉस ह्यांच्यासह काही शास्त्रज्ञांनी जाहीरपणे हा निकाल चुकीचा असल्याचे सांगितले. परंतु ते केवळ 'आम्हांला शंका आहे' एवढे म्हणून थांबले नाहीत. धनुर्वाताचे जंतू प्रयोगशाळेतच बाटलीत शिरले असते, तर इतक्या दिवसांत ते वाढून बाटली उघडताच दुर्गंधी आली असती. तशी ती आली नव्हती. शिवाय गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करता पुन्हा वापरला गेला होता. एक वास आणि एक चिमटा, ह्या दोन साध्या गोष्टींवर १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. परळच्या प्रयोगशाळेस १९२५ पासून त्यांचेच नाव आहे. हा प्रसंग सातवीच्या मुलांना गोष्टीसारखा सांगता येतो. मुले चिमट्यापाशी येऊन थबकतात, मग आपोआप प्रश्न करू लागतात.

ह्याउलट दुसरे उदाहरण पाहा. गोवर व त्याजबरोबरच्या रोगांवरील लसीने मुलांना स्वमग्नता जडते, असे सुचविणारा एक निबंध इंग्लंडमधील अँड्र्यू वेकफील्ड नावाच्या डॉक्टराने १९९८ मध्ये 'लॅन्सेट' ह्या प्रतिष्ठित नियतकालिकात प्रसिद्ध केला. तो अवघ्या १२ मुलांवरून लिहिलेला होता. लस कंपन्यांविरुद्ध दावा चालविणाऱ्या वकिलांकडून आपण पैसे घेतले आहेत, हे त्याने वाचकांस सांगितले नव्हते. तरीही शास्त्रज्ञांनी त्याची शंका फेटाळून लावली नाही, तपासून पाहिली. डेन्मार्कमध्ये पाच लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी २००२ मध्ये, आणि साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी २०१९ मध्ये तपासण्यात आल्या. लस घेतलेल्या व न घेतलेल्या मुलांत स्वमग्नतेचे प्रमाण लसीमुळे वाढलेले आढळले नाही. २०१० मध्ये तो निबंध नियतकालिकाने मागे घेतला आणि त्या डॉक्टराचे नाव वैद्यकीय नोंदवहीतून काढण्यात आले. तथापि त्याची शंका आजही पॉडकास्टमधून फिरते आहे, जणू बारा मुलांनंतर कोणी काही मोजलेच नाही.

आपल्याकडे ह्याचे परिणाम आपण पाहिले आहेत. २७ नोव्हेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोहीम शाळाशाळांतून झाली, तेव्हा ह्या सुईने पुढे मूल होत नाही, अशी अफवा काही ठिकाणी मोबाइलवरून पसरली व पालकांनी मुले शाळेतून घरी नेली. २०२२ च्या हिवाळ्यात मुंबई, भिवंडी, मालेगाव येथे गोवराची साथ आली आणि त्यात बालके दगावली. गोवर हा सर्वांत वेगाने पसरणाऱ्या रोगांपैकी एक आहे. ज्या वस्तीत कोणासच संरक्षण नाही तेथे एक रोगी बारा ते अठरा जणांना तो देतो. म्हणून शेकडा ९५ मुलांस दोन्ही मात्रा मिळाव्यात, असा दंडक आहे. हे गणित फळ्यावर मांडावे. चाळीस मुलांच्या वर्गात शेकडा पाच म्हणजे दोन मुले. दोनापेक्षा अधिक पालकांनी मोबाइलवरील वक्त्याचे ऐकले, की त्या वर्गाभोवतीचे कुंपण मोडले. आणि मग रोग ज्यास गाठतो ते बहुधा वर्गातील मूल नसते, तर नऊ महिने पुरे न झालेले, लस घेण्याच्या वयाचेही नसलेले, घरातील तान्हे भावंड असते. वक्त्याच्या मताची किंमत वक्ता देत नाही.

ह्यावर काही सहकारी म्हणतात, चर्चा कशाला, सक्ती करावी. नोव्हेंबर २०२१ मध्ये आपल्याच विभागात, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात, करोनाच्या लसीची एकही मात्रा न घेतलेल्यास स्वस्त धान्य, गॅस व पेट्रोल देऊ नये, असा आदेश निघाला होता. त्या वेळची निकड मी जाणतो. परंतु माझे स्पष्ट मत असे आहे, की आदेशाने रांग वाढते, शंका जात नाही. ज्याच्या प्रश्नास तहसीलात उत्तर मिळाले नाही, तो रात्री मोबाइलकडे वळतो. तेथे त्याचे दोन तास ऐकणारे नसले, तरी त्यास दोन तास सांगणारे असतात.

सुदैवाने शाळेजवळ एक साधन आहे, जे कोणत्याही पॉडकास्टजवळ नाही, आणि ते म्हणजे गावातील म्हातारी माणसे. पाचवीच्या मुलांना आजी-आजोबांकडे नारूविषयी विचारून यावयास सांगा. पायातून हातभर लांब दोऱ्यासारखा किडा निघे आणि तो काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळीत बाहेर काढावा लागे; ऐन पेरणीत घरातील कर्ता मनुष्य महिनाभर पडून राही. काडीचा उपाय लोकांचा होता व तो बरोबरच होता. कारण मात्र लोकांस ठाऊक नव्हते. पायऱ्यांच्या विहिरीत उतरलेल्या रोग्याच्या पायातून अळ्या पाण्यात जात, तेथील सूक्ष्म पिसवा त्या गिळीत, आणि ते पाणी पिणाऱ्याच्या पोटात नारू वाढे. ह्यावर लस नव्हती, औषध नव्हते, कोणत्याही कंपनीस त्यात पैसा नव्हता. पाणी दुपदरी फडक्याने गाळा, रोग्याला विहिरीत उतरू देऊ नका, पायऱ्यांऐवजी रहाट किंवा हातपंप बसवा, एवढेच सांगणे होते. गावाने ते स्वतः करून पाहिले. देशातील शेवटचा रोगी १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त म्हणून प्रमाणित झाला. 'सर्व वैद्यक म्हणजे कंपन्यांचा कट' असे म्हणणाऱ्यास नारूचे काय झाले, हे एकदा विचारावे.

तसेच देवीच्या खुणांचे. मुलांनी आजीच्या दंडावरील देवी काढल्याचा वण पाहावा, आणि गावात एखाद्या वृद्धाच्या चेहऱ्यावर देवीचे खड्डे असतील तर त्यांच्याशी अदबीने बोलावे. भारतात ही लस प्रथम १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल ह्या तीन वर्षांच्या मुलीस टोचली गेली. तिला विरोध करणाऱ्यांत लहानसहान माणसे नव्हती. खुद्द गांधीजींनी देवी टोचण्याविरुद्ध लिहिले होते. गांधीजींविषयी आपला आदर त्यामुळे कमी होत नाही, परंतु थोर मनुष्याचे मत हा पुरावा होत नाही, हे येथे मुलांस सहज पटते. १९७५ मध्ये भारतातील देवीचा शेवटचा रोगी आढळला आणि १९८० मध्ये जग देवीमुक्त जाहीर झाले. आता ती लस मुलांस टोचत नाहीत. ज्या लसीचे काम संपले ती डॉक्टरांनीच बंद केली, हेही धंद्याचा आरोप करणाऱ्यांनी विचारात घ्यावे.

शेवटी जे प्रश्न सुटलेले नाहीत त्यांविषयी. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या तालुक्यातील हासोरी गावी जमिनीतून गूढ आवाज येऊ लागले. किल्लारीपासून हे गाव सुमारे २८ किलोमीटरांवर. १९९३ ची आठवण असलेल्या माणसांची झोप उडाली. भूकंपमापकांवर त्या वेळी भूकंपाची नोंद झाली नव्हती. फेब्रुवारी २०२३ मध्ये लातूर शहरातही असाच आवाज झाला, तेव्हा लातूर, आशिव व आपल्या औराद शहाजानी येथील केंद्रांवरही काही नोंद आढळली नाही. अशा रात्री गाव शिक्षकाकडे येते. त्या वेळी "काही नाही, घरात जा" असे म्हणणे १९९२ च्या अनुभवानंतर शोभत नाही, आणि मोबाइलवर कोणी ठामपणे सांगितलेले कारण पुढे ढकलणेही शोभत नाही. यंत्रावर काय नोंदले गेले, ते कोणी पाहिले, पुढे कोण तपासणार आहे आणि तोपर्यंत कच्च्या भिंतीखाली कोणी निजू नये, एवढे सांगता येते व तेवढेच सांगावे.

लसीच्या बाबतीत माझी एक लहानशी सूचना आहे. प्रत्येक शाळेने पालकांच्या शंकांची एक वही ठेवावी. कोणता कार्यक्रम ऐकला, त्यात नेमके काय सांगितले, हे पालकाच्याच शब्दांत लिहून घ्यावे. त्याची थट्टा करू नये, त्याच्याशी वाद घालू नये. ही वही प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठवावी आणि त्यांचे उत्तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत सर्वांसमक्ष वाचून दाखवावे. एखाद्या प्रश्नापुढे त्यांनी 'ह्याचे उत्तर अद्याप ज्ञात नाही' असे लिहिले, तर तेही तसेच वाचावे. पहिलीत येणाऱ्या मुलांची त्रिगुणी लसीची वर्धक मात्रा पाच-सहा वर्षांच्या वयातच द्यावयाची असते. तेव्हा लसीकरणाच्या दिवसापूर्वी निदान पंधरा दिवस वही केंद्रात पोहोचावी. उपकेंद्राच्या परिचारिका ताईंकडे दिली, तरी ती पुढे जाते.